टेक्सासच्या टोकाला प्रोमोतोरा होताना

टेक्सासमधल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर गेलं वर्षभर मला प्रोमोतोरा, म्हणजे वस्तीतली आरोग्य कार्यकर्ती, कसं व्हायचं याबद्दल तेच तेच विचारलं जातंय. नर्सिंगची डिग्री लागते का? फी किती? स्पॅनिश कितपत यायला हवं? एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या बायकोला, चालतं का? दर वेळी तुटक उत्तरं देण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून ठेवते.

मी एडिनबर्गला राहते. स्कॉटलंडचं नव्हे, टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यातलं. इथे सगळे या भागाला नुसतं ‘व्हॅली’ म्हणतात. नवरा विद्यापीठात शिकवतो म्हणून आम्ही सोलापूरहून फिरत फिरत इथे येऊन पडलो. मेक्सिकोची हद्द गाडीने अर्ध्या तासावर. आमच्या हिदाल्गो काउंटीत दहातले नऊ लोक लॅटिनो, त्यातले बहुतेक मेक्सिकन वंशाचे. वस्तीत घरोघर जाऊन आरोग्याचं काम करणाऱ्या बाईला हे लोक प्रोमोतोरा म्हणतात. आपल्या आशाताई करतात त्यातलं बरंचसं काम तिच्याकडे असतं. सरकारी कागदावर ती ‘कम्युनिटी हेल्थ वर्कर’.

आधी नियम सांगून टाकते. डिग्री लागत नाही. वय १८ पूर्ण आणि राहणं टेक्सासमध्ये, एवढं पुरे. राज्याच्या आरोग्य खात्याने मान्यता दिलेला १६० तासांचा कोर्स करायचा. त्यात संवाद, समन्वय, शिकवणं, बाजू मांडणं असे आठ विषय, प्रत्येकी २० तास. राज्याची वेगळी परीक्षा नसते. कोर्स झाल्यावर खात्याकडे अर्ज करायचा, त्याला फी नाही. प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. नूतनीकरणाला आणखी २० तासांचं प्रशिक्षण लागतं. आधीच हे काम भरपूर केलेलं असेल तर अनुभवावरही प्रमाणपत्र मिळतं. एच-४ वाल्यांनी मात्र आधी वकिलाला विचारा. शिकण्यात अडचण नाही, पण बिनपगारी कामसुद्धा कधी ‘नोकरी’ ठरतं ते वकीलच सांगू शकेल. मला तोवर ग्रीन कार्ड मिळालं होतं.

जानेवारी २०२४ मध्ये शोधाशोध सुरू केली. एका कॉलेजचा संध्याकाळचा वर्ग होता, पण फी ऐकून गप्प बसले. दुसरीकडे अनुदानावर चालणारा कोर्स होता, फी माफ, पण वर्ग स्पॅनिशमध्ये आणि आधी मुलाखत. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी फोनवर दोनच गोष्टी विचारल्या: स्पॅनिश हळू बोललेलं कळतं की भरभर बोललेलंही, आणि गाडी स्वतःची आहे का. माझं स्पॅनिश चर्चमधल्या फुकट वर्गात आणि शेजारच्या आजींशी गप्पा मारून झालेलं. क्रियापदं अजूनही घसरतात. गाडी होती. दोन आठवड्यांनी होकार आला. फी नसली तरी खर्च होतोच हे धरून चाला: पेट्रोल, प्रिंटआउट, संस्थेने मागितलेली पोलीस पडताळणी, प्रथमोपचाराचा दाखला. माझे सगळे मिळून दोनशे डॉलरच्या आत गेले, त्यात पेट्रोलच जास्त.

वर्गात बहुतेकजणी हे काम वर्षानुवर्षं बिनपगारी करत आलेल्या होत्या. कुणी घरं साफ करायच्या, कुणी कांद्याच्या शेडमध्ये पॅकिंगला. कोलोनिया म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं ते फक्त मला. १९५० नंतर शेताच्या कडेच्या, पाणी साचणाऱ्या जमिनी तुकडे पाडून गरिबांना हप्त्याने विकल्या गेल्या. नळ नाही, गटार नाही, रस्ता नाही. खरेदीखत शेवटच्या हप्त्यानंतर, त्यामुळे हप्ते चुकले की जमीनही गेली आणि भरलेले पैसेही. अशा वस्त्या एकट्या हिदाल्गो काउंटीत नऊशेच्या वर आहेत. आता पुष्कळ ठिकाणी पाणी आणि डांबर पोचलंय, पण जोराचा पाऊस झाला की सेप्टिक टाकीचं पाणी अंगणात येतं.

कोर्स चालू असतानाच, फेब्रुवारीत, सांता रोसाचा साखर कारखाना बंद झाल्याची बातमी आली. नदीला पाणी नाही म्हणून ऊस नाही, आणि ऊस नाही म्हणून कारखाना नाही. टेक्सासमधला तो शेवटचा साखर कारखाना. सोलापूरच्या माणसाला ही बातमी कुठे लागते ते सांगायला नको. वर्गातल्या एकीचा दीर तिथे कामाला होता. नोकरीबरोबर विमाही गेला, आणि जाऊबाईंना तेव्हा सातवा महिना. त्या दिवशी आमचा ‘समन्वय’ हा विषय वहीबाहेरच शिकवला गेला. कारखान्याचा विमा गेला तर मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी विमा, कुठून मिळेल, अर्ज आजच का टाकायचा, हे सगळं शिकवणाऱ्या बाईंनी जाऊबाईंना फोनवर घेऊन करूनच दाखवलं.

इतिहासाच्या तासाला मी नुसती ऐकत बसले. शेजारच्या मॅकॅलन गावच्या रोझी हिमेनेझचं नाव वर्गात सगळ्यांना माहीत होतं. गरिबांच्या सरकारी विम्यातून गर्भपाताला पैसे द्यायचे नाहीत अशी हाइड दुरुस्ती १९७७ च्या ऑगस्टपासून लागू झाली. रोझी २७ वर्षांची, एका मुलीची आई, शिक्षिका व्हायला शिकत होती, मेडिकेडवर होती. तिने स्वस्तातला चोरटा उपाय केला आणि ऑक्टोबरमध्ये ती गेली. त्या दुरुस्तीमुळे गेलेली पहिली ज्ञात बाई ती. तेव्हा गर्भपाताचा हक्क कायद्याने अख्ख्या देशात होता, हे लक्षात घ्या.

मग २०११. टेक्सासच्या विधिमंडळाने कुटुंबनियोजनाचा पैसा दोन तृतीयांशाने कापला. नेम गर्भपात करणाऱ्या संस्थांवर होता. पण तो पैसा गर्भपातावर खर्च करायला आधीपासूनच बंदी होती, त्यामुळे बंद पडली ती तांबी बसवणारी, गोळ्या देणारी, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठीची पॅप तपासणी करणारी केंद्रं. सेंटर फॉर रिप्रॉडक्टिव्ह राइट्स आणि नॅशनल लॅटिना इन्स्टिट्यूटने २०१३ मध्ये इथे फिरून अहवाल केला. त्यानुसार व्हॅलीतल्या सरकारी मदतीच्या ३२ केंद्रांपैकी ९ बंद झाली होती. वर्गातल्या बायका ते आकडे न बघताच सांगत होत्या, अमक्या गावातलं गेलं, तमक्या रस्त्यावरचं गेलं.

मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते नसबंदीच्या संमतिपत्रकाने. मेडिकेडच्या पैशाने ऑपरेशन करायचं तर बाईचं वय २१ पूर्ण हवं, आणि सही केल्यावर एरवी निदान ३० दिवस थांबायचं. १८० दिवस उलटले की सही शिळी. हा नियम आला तो वाईट अनुभवातून. लॉस एंजेलिसच्या काउंटी हॉस्पिटलात मेक्सिकन बायकांकडून बाळंतपणाच्या कळा चालू असताना इंग्रजी कागदावर सह्या घेऊन त्यांची ऑपरेशनं केली गेली. दहाजणी कोर्टात गेल्या. माद्रिगाल विरुद्ध क्विलिगन नावाचा तो खटला १९७८ मध्ये त्या हरल्या, पण त्या गदारोळातून स्पॅनिश कागद आणि थांबण्याचे नियम पक्के झाले. ऐकताना मला बीडच्या ऊसतोड बायकांच्या काढलेल्या गर्भपिशव्या आठवल्या. सांगितलं वर्गात. दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही, मग एकीने विचारलं, मुकादम म्हणजे काँट्रॅक्टर का? म्हटलं, तोच.

पण तोच कागद आज उलटाही चावतो. तिसऱ्या बाळानंतर स्वतःहून ऑपरेशन हवं असलेल्या बाईला महिनाभर आधी कुणी फॉर्मच दिला नाही, किंवा फॉर्म उशिरा भरल्याने दिवस भरले नाहीत, तर तिला तसंच घरी पाठवतात. म्हणून टीप: मेडिकेडवरच्या गरोदर बाईला ऑपरेशन हवं असेल तर हा फॉर्म सातव्या महिन्याच्या आतच मागून घ्या. आणि सही केली म्हणजे बांधली गेली असं नाही, आयत्या वेळी नाही म्हणता येतं, हेही तिला त्याच दमात सांगा.

मे महिन्यात घरभेटी सुरू झाल्या. ऊन सोलापूरचंच, वर दमटपणा. मला एका जुन्या प्रोमोतोराबरोबर जोडलं होतं. वयाने मोठ्या, सगळी वस्ती त्यांना ‘दोन्या’ म्हणते म्हणून मीही. त्यांचे नियम कुठल्याच पुस्तकात नव्हते. क्लिपबोर्ड घ्यायचा नाही, सरकारी वाटतो. गाडी फाटकासमोर लावायची नाही. काळा गॉगल उतरवूनच हाक मारायची. कुत्रं भुंकायचं थांबेपर्यंत आत जायचं नाही. जे प्यायला देतील ते प्यायचं. आणि ‘कागदपत्रं’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही, त्याऐवजी ‘पत्त्याचा पुरावा काय आहे’ असं विचारायचं.

माझं पहिलं काम पाचव्या महिन्यातल्या एका बाईचं होतं. व्हिसा नाही, विमा नाही, तोवर एकदाही तपासणी नाही. अशा बाईसाठी टेक्सासमध्ये ‘चिप पेरिनेटल’ आहे. यात विमा कागदोपत्री पोटातल्या बाळाचा असतो, त्यामुळे आईचं नागरिकत्व आड येत नाही. कुटुंबाचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या २०२ टक्क्यांपर्यंत चालतं. बाळंतपणाआधी २० तपासण्यांपर्यंत, नंतर २, आणि पदरचं काही भरायचं नाही. ऐकायला छान आहे. पण ती पायऱ्यांवरून पडली आणि हात मोडला, तर तो हात या विम्यात बसत नाही. कळा येऊन हॉस्पिटलात गेली आणि त्या खोट्या निघाल्या, तर ते बिलही तिचंच.

अर्ज ऑनलाइन होतो किंवा २-१-१ या सरकारी मदतीच्या नंबरवर फोन करून. फोन लागायला वेळ लागतो; सकाळी उघडल्या उघडल्या करा, चार्जर जवळ ठेवा. आमचं घोडं अडलं उत्पन्नाच्या पुराव्यावर. नवरा कलिंगडाच्या शेडमध्ये रोजंदारीवर, पैसे रोख. मालक सही द्यायला तयार नव्हता. त्याला आपलं नाव कुठल्याच कागदावर नको होतं. शेवटी दोन्यांनी मालकाच्या बायकोला गाठलं, चर्चमध्ये. सही आली. मग आणखी एक कागद मागणारं पत्र आलं, ते वस्तीच्या सामाईक टपालपेटीत शेजाऱ्याच्या कप्प्यात पडून राहिलेलं, मुदत संपायला तीन दिवस असताना सापडलं. त्या आठवड्यात मी नवऱ्यावर विनाकारण दोनदा ओरडले. कार्ड आलं तेव्हा तिला सहावा लागला होता.

आता एक फॉर्म नीट लक्षात ठेवा: एच ३०३८-पी. दारिद्र्यरेषेच्या १९८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या बाईचं हॉस्पिटलातलं बाळंतपण आणीबाणीच्या मेडिकेडमधून भागतं, आणि त्यासाठी डॉक्टरांनी हा फॉर्म भरून सही करायची असते. तो बाळंतपणाआधी घरी टपालाने येतो. पुष्कळ बायका तो जाहिरात समजून टाकून देतात. फॉर्म परत गेला नाही तर हॉस्पिटलचं बिल बाईच्या नावावर पडतं आणि बाळाचं मेडिकेडही लांबतं. आम्ही तो प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून फ्रिजवर सोनोग्राफीच्या फोटोशेजारी चिकटवला, आणि हॉस्पिटलच्या पिशवीत भरायच्या सामानाच्या यादीत सर्वांत वर लिहिला. डिस्चार्जच्या आधी सही घ्या. घरी गेल्यावर डॉक्टर सापडत नाहीत.

मुलगा झाला ऑगस्टच्या शेवटी. बाळ अमेरिकन, त्याला वर्षभर मेडिकेड. आई दोन तपासण्यांनंतर विम्याबाहेर. मेडिकेडवरच्या बाळंतिणीला टेक्सासने मार्च २०२४ पासून बारा महिन्यांचं मेडिकेड दिलं, त्याच वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवरच्या हिला नाही. ‘हेल्दी टेक्सास विमेन’ ही योजनाही तिच्यासाठी नाही. राहतो तो राज्याचा फॅमिली प्लॅनिंग प्रोग्रॅम. तिथे नागरिकत्व विचारत नाहीत. तिला दोन महिन्यांनी तिथेच तांबी बसवून मिळाली. नावं सारखी असल्याने बायका चुकीच्या योजनेत अर्ज करतात, नकाराचं पत्र येतं, आणि त्या सगळ्याच दारांवर फुली मारून मोकळ्या होतात.

माझं प्रमाणपत्र दरम्यान आलं होतं. जूनमध्ये अर्ज, जुलैअखेर हातात. संस्थेने आठवड्याला वीस तासांचं काम दिलं. पगार फार नाही.

८ ऑगस्टला राज्यपालांचा आदेश निघाला: १ नोव्हेंबर २०२४ पासून हॉस्पिटलांनी रुग्णाला तो देशात कायदेशीर राहतो का हे विचारायचं. उत्तराचा उपचारावर परिणाम होत नाही, हेही हॉस्पिटलने सांगायचं. रुग्णाला उत्तर न देण्याचा हक्क आहे. आम्ही बायकांकडून एक वाक्य पाठ करून घेतलं, ‘या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं नाही.’ म्हणायला सोपं. काउंटरवर गणवेशातला सुरक्षारक्षक उभा असताना पाचव्या महिन्यातली बाई ते म्हणेल का, हे मला आजही छातीठोक सांगता येणार नाही. नोव्हेंबरात पॅप तपासणीच्या फिरत्या गाडीपाशी आम्ही खुर्च्या मांडून बसलो, आणि नाव दिलेल्या निम्म्या बायका आल्या नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये दवाखाने-शाळा-चर्चमध्ये इमिग्रेशनवाल्यांनी शक्यतो जायचं नाही हा केंद्राचा जुना नियमही रद्द झाला. मग फोनवर एकच प्रश्न: गाडी आमच्या गल्लीत आणता का?

ज्या आल्या त्यांच्यात एक बेचाळीस-त्रेचाळीसची बाई होती. तिची शेवटची पॅप धाकट्याच्या जन्मानंतरची. ती जायची ते केंद्र २०११ नंतर बंद झालं, पुढचं सापडलं नाही, आणि मग वर्षं गेली. रिपोर्ट खराब आला. ‘ब्रेस्ट अँड सर्व्हायकल कॅन्सर सर्व्हिसेस’ या योजनेत तपासणी, बायोप्सी सगळं झालं, कागद न विचारता. अगदी कॅन्सरपूर्व बदल असते तर त्यावरचा उपचारही तिथेच झाला असता. तिचं त्यापुढे गेलं होतं. लवकरचा टप्पा, पण कॅन्सर. आणि कॅन्सरचा उपचार ज्या मेडिकेडमधून होतो ते फक्त नागरिक आणि ठरावीक कागद असलेल्यांना. म्हणजे राज्य तिला आजार शोधून देतं आणि तिथेच थांबतं.

ह्यूस्टन, डॅलस, सॅन अँटोनिओला काउंटीची मोठी हॉस्पिटलं आहेत. व्हॅलीत तसं नाही. आणि इथून उत्तरेला जायचं तर फाल्फुरियास किंवा सारिताच्या तपासणी नाक्यावरून. प्रत्येक गाडी थांबते, प्रत्येकाला विचारतात. कागद नसलेली बाई नदी आणि नाका यांच्यामध्येच जगते. नदी ओलांडून गेली तर परत येता येत नाही, नाका ओलांडायला गेली तर परत पाठवतात. २०२२ च्या ऑगस्टपासून टेक्सासमध्ये गर्भपात जवळजवळ पूर्ण बंद आहे, आणि ज्यांना जमतं त्या न्यू मेक्सिकोपर्यंत बारा-तेरा तास गाडी चालवत जातात. या बायकांना तोही रस्ता नाही. त्या विषयावर आम्ही काय बोलू शकतो यासाठी संस्थेने वकिलाचं वेगळं सत्र घेतलं. २०२१ च्या कायद्याने ‘मदत’ करणाऱ्यावर कुणीही सोम्यागोम्या किमान दहा हजार डॉलरचा दावा लावू शकतो. तुम्ही या कामात आलात तर हे सत्र स्वतःहून मागा.

त्या कॅन्सर निघालेल्या बाईसाठी मग हॉस्पिटलांच्या आर्थिक मदतीचे फॉर्म. पहिल्या ठिकाणी काउंटरवरच सांगितलं, असं काही आमच्याकडे नसतं. होतं, त्यांच्याच वेबसाइटवर स्पॅनिशमध्ये होतं, मी छापून परत गेले. तरी नकार. दुसऱ्या ठिकाणी निम्मं माफ झालं. एका डॉक्टरांनी स्वतःची फी हप्त्याने घेतली. उरलेली रक्कम पाच आकडी. चर्चने शनिवारी ‘प्लेट सेल’, म्हणजे मदतीसाठी जेवणाच्या डब्यांची विक्री, लावला. इथे मयतापासून मुलांच्या बँडपर्यंत सगळ्याला हाच उपाय. कोळशावरची कोंबडी, भात, राजमा, एक पाव, फोमच्या डब्यात, दहा डॉलर. मी भात भरायच्या रांगेत होते. दोन्यांनी माझा हात धरून डाव लहान केला, ‘इतका नको, डबे शंभर आणखी काढायचेत.’ जिच्यासाठी हे चाललं होतं ती बाई स्वतः खुर्चीत बसून पैसे मोजत होती. सुटे, रबर लावून.

मार्च २०२५ मध्ये तिची पिशवी काढली. लसिकागाठींत कॅन्सर सापडला नाही. दर तीन महिन्यांनी तपासणी आहे, ती कुठल्या योजनेत बसवायची यावर सध्या माझे फोन चालू आहेत.

माझं नूतनीकरण जुलै २०२६ ला. वीस तासांतले निम्मे झालेत. मोफत ऑनलाइन सत्रं बरीच असतात, फक्त ती राज्याने मान्य केलेली आहेत का हे नाव नोंदवण्याआधी बघा, आणि हजेरीचा दाखला त्याच दिवशी डाउनलोड करा. महिन्याभराने लिंक चालत नाही. कोर्स शोधायचा तर राज्याच्या आरोग्य खात्याच्या साइटवर मान्य प्रशिक्षण संस्थांची यादी आहे. ह्यूस्टन-डॅलसच्या मैत्रिणींनो, तुमच्याकडे इंग्रजी वर्गही मिळतील. पण स्पॅनिश सुरू करायचं असेल तर कोर्सच्या आधी सहा महिने करा, आणि पुस्तकाआधी शेजारणीकडे जा.